मिरगी आणि नोकरी: नागपुरात नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. काहींना शाळा-कॉलेजपासून फिट येतात आणि ते आता पहिल्यांदाच नोकरी शोधत आहेत. काही जण बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहानमध्ये आधीपासून कामावर आहेत आणि त्यांना अलीकडेच न्यूरोलॉजिस्टने अपस्माराचे, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत मिरगीचे, निदान सांगितले आहे. मला हे निदान एकोणिसाव्या वर्षी झाले. पुढे याच आजारामुळे माझी एक नोकरी गेली, दुसरी मिळाली आणि ती टिकलीही. मधल्या काळात कागदपत्रांचे जे शिक्षण झाले, ते मी पायरीपायरीने मांडते आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच धोरण आहे, ते आधीच सांगते. कंपनीशी बोलताना चर्चा आजाराची होऊ देऊ नका, कामाची होऊ द्या. “याला मिरगी आहे” या वाक्यावर बोलणे थांबले की समोरच्याच्या मनातली भीती निर्णय घेते. “या पदावरची अमुक सात कामे हा करू शकतो आणि आठव्या कामासाठी अमुक सोय लागेल” असे वाक्य कागदावर आले, की निर्णय घेणाऱ्याला कारण द्यावे लागते.

पहिली पायरी: आपला आजार कामाच्या भाषेत लिहून घ्या

मेडिकल, मेयो, मिहानमधले एम्स किंवा खासगी दवाखाना, उपचार कुठेही सुरू असोत, आपल्याजवळ बहुधा केसपेपर, ईईजी आणि एमआरआयचे अहवाल आणि गोळ्यांची चिठ्ठी एवढेच असते. या कागदांवरून कंपनीला काहीच कळत नाही. चिठ्ठीवरचे औषधाचे नाव कोणीतरी मोबाइलवर शोधतो आणि त्यातून भलताच अर्थ काढतो. म्हणून पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून एक वेगळे पत्र मागा. सरकारी ओपीडीत गर्दी असते आणि डॉक्टरांना वेळ कमी असतो, त्यामुळे मजकूर घरून लिहून न्यावा. तो वाचून, हवा तो बदल करून डॉक्टर सही-शिक्का देतात, असा माझा अनुभव आहे.

त्या पत्रात चार गोष्टी असाव्यात. फिटचा प्रकार कोणता आणि शेवटची फिट कधी आली. उपचार नियमित आहेत का. कोणती कामे निर्धोकपणे करता येतील. आणि कोणती टाळावीत. शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. “हलके काम द्यावे” असे मोघम वाक्य कधीही लिहून घेऊ नका, कारण “आमच्याकडे हलके काम नाही” असे सांगून त्याच वाक्याच्या आधारे माणसाला घरी पाठवलेले मी पाहिले आहे. त्याऐवजी असे लिहून घ्या: “बसून किंवा उभ्याने करावयाची सर्व कामे, संगणकावरील काम, मोजणी, पॅकिंग व तपासणी रुग्ण करू शकतो. वाहन चालविणे, उंचावर चढणे, संरक्षक जाळी नसलेल्या फिरत्या यंत्राजवळ किंवा उघड्या भट्टीजवळ एकट्याने काम करणे टाळावे. झोपेची वेळ नियमित राहणे उपचारासाठी आवश्यक आहे.” शेवटचे वाक्य असले की रात्रपाळीबद्दल पुढे बोलता येते. झोपमोड आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची नेहमीची कारणे आहेत आणि दर आठवड्याला बदलणारी पाळी या दोन्हींना आमंत्रण देते.

सोबत एक साधी वही ठेवा. फिटची तारीख, वेळ, किती मिनिटे, आदल्या रात्रीची झोप आणि गोळी चुकली होती का, एवढेच तिच्यात लिहा. डॉक्टरांना ती लागतेच. शिवाय सहा महिन्यांची नोंद हातात असली तर “याला तर रोज फिट येते” असे कोणी बोलल्यावर तुमच्याकडे लेखी उत्तर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार योग्य औषधोपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के लोक फिटमुक्त राहू शकतात. आपण त्यांच्यात आहोत की नाही, हे ती वही सांगते.

दुसरी पायरी: कायद्यात आपले स्थान नेमके कुठे आहे ते समजून घ्या

इथे बरेच जण अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व नावानिशी दिलेले आहे. मेंदूच्या दीर्घकालीन आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनचा उल्लेख आहे. अपस्माराचे नाव मात्र त्या यादीत नाही. म्हणून केवळ मिरगीच्या आधारे ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरचे ४ टक्के सरकारी आरक्षण मिळेल, या आशेवर वर्ष घालवू नका. मिरगीसोबत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा यादीतले दुसरे काही असेल तर त्याचे प्रमाणपत्र जरूर काढा. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करता येतो.

पण आरक्षण आणि भेदभावापासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र नाही म्हणून हक्कही नाही, असे समजून माणसे घरी बसतात. याच कायद्यात “दिव्यांग व्यक्ती” ची व्याख्या स्वतंत्रपणे दिली आहे. ज्या व्यक्तीला दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता आहे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने समाजात सहभागी होता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. या व्याख्येत टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात हाच फरक स्पष्ट केला. त्या उमेदवाराला हात आखडल्यामुळे लिहिता येत नव्हते आणि त्याच्याकडे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नव्हते. तरीही त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, कारण वाजवी सोयी मिळण्याचा हक्क केवळ ४० टक्केवाल्यांपुरता मर्यादित नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते प्रकरण परीक्षेचे होते, मिरगीचे नव्हते. परंतु व्याख्येबद्दलचा त्यातला युक्तिवाद आपल्यालाही वापरता येतो आणि वापरावा.

आता कलमे. कलम ३ म्हणते की दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. केलेली कृती योग्य हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात होती असे दाखवता आले, तरच अपवाद. कलम २० सरकारी आस्थापनांसाठी आहे: नोकरीत भेदभाव नको, वाजवी सोयी द्या, केवळ दिव्यांगत्वामुळे बढती नाकारू नका, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढू नका की त्याचा दर्जा कमी करू नका. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्या, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदावर ठेवा. नागपुरात रेल्वे, कोळसा खाणी, टपाल, बँका आणि राज्य शासनाची कार्यालये यांत हजारो माणसे काम करतात. त्यांच्यापैकी कुणाला सेवेत असताना फिट सुरू झाल्या, तर पहिले कलम हेच वाचावे. तेलंगणच्या परिवहन महामंडळातल्या एका चालकाला रंगांधत्वामुळे निवृत्त केले होते. त्याला पर्यायी काम देण्याचा खरा प्रयत्न झाला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये महामंडळाविरुद्ध निर्णय दिला. एसटीचा किंवा कुठल्याही सरकारी गाडीचा चालक मिरगीच्या निदानानंतर ज्या जागी येऊन उभा राहतो, ती जागा यापेक्षा फार वेगळी नाही.

खासगी कंपनीत संरक्षण त्यामानाने पातळ आहे, हे मी लपवणार नाही. कलम २० तिथे थेट लागू होत नाही. पण कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते, आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला त्यात सोयीसुविधांचा तपशील द्यावा लागतो व एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. याच नियमांतला तिसरा नियम माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली, तर त्याने एकतर कारवाई करायची, नाहीतर आपली कृती योग्य व प्रमाणशीर कशी होती हे तक्रारदाराला लेखी कळवायचे. वाजवी सोयीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही, हेही तिथेच लिहिले आहे.

नागपूरकरांनी लक्षात ठेवावा असा आणखी एक निर्णय आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये एका घटस्फोटाच्या प्रकरणात स्पष्ट केले की अपस्मार हा असाध्य आजार नाही आणि तो मानसिक विकारही मानता येत नाही. विवाह कायद्यांतून तर मिरगीचा उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकण्यात आला होता. हा निर्णय नोकरीचा नाही, हे खरे. पण “डोक्याचा आजार आहे, बरा होणारा नाही” असे कंपनीच्या कागदावर कोणी लिहिले, तर उत्तरात या निर्णयाचा हवाला द्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

तिसरी पायरी: कधी सांगायचे, कोणाला सांगायचे

यावर मतभेद आहेत आणि माझेही एक ठाम मत आहे. ज्या पदाच्या मूळ कामातच वाहन, उंची किंवा उघडे यंत्र आहे, तिथे अर्ज करण्यापूर्वीच विचार करा आणि निवड होण्याआधी सांगा. तिथे लपवणे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. ज्या पदात असा धोका नाही, म्हणजे हिशेब, संगणक, गुणवत्ता तपासणी, दुकान, शिकवणी किंवा स्टोअर, तिथे मुलाखतीत आपणहून सांगायची गरज नाही. ऑफर लेटर हाती आल्यावर आणि रुजू होण्यापूर्वी, डॉक्टरांच्या पत्रासह लेखी सांगावे. त्या वेळी नकार आला, तर तो कशामुळे आला हे कागदावरच्या दोन तारखा सांगतात. मुलाखतीत सांगितल्यावर मिळालेला नकार “दुसरा उमेदवार अधिक योग्य होता” या वाक्याआड सहज लपतो.

मात्र एक पथ्य पाळाच. रुजू होतानाच्या वैद्यकीय फॉर्मवर “फिट, चक्कर किंवा शुद्ध हरपणे” असा रकाना असेल, तर तिथे “नाही” लिहू नका. पुढे फिट आली की चर्चा आजाराची राहत नाही, खोट्या माहितीची होते, आणि मग आपली बाजू मांडणे फार अवघड जाते. रकान्यात “आहे, उपचार सुरू, पत्र जोडले आहे” असे लिहा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वाहन परवान्याबद्दलही इथेच सांगते. शिकाऊ परवान्यासाठी नमुना १ मध्ये जे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते, त्यात अपस्माराबद्दल थेट प्रश्न आहे आणि आपल्या देशात मिरगी असलेल्या माणसाला परवाना मिळत नाही. त्यामुळे “स्वतःची दुचाकी आवश्यक” अशी जाहिरात दिसली की उमेदवार मागे हटतो. इथेच कामाच्या भाषेत विचार करावा. डिलिव्हरीच्या कामात दुचाकी हेच काम आहे. पण हिशेबनिसाच्या जागेसाठी दुचाकी का लागते, तर आठवड्यातून दोनदा बँकेत जायचे असते. ते काम दुसऱ्याला देता येते किंवा मेट्रोने जाऊन करता येते, आणि ही सोय वाजवी आहे. येण्याजाण्याचे म्हणाल, तर लोकमान्य नगरपर्यंतच्या ऍक्वा लाइनने हिंगणा रस्त्यावरच्या आणि खापरीपर्यंतच्या ऑरेंज लाइनने मिहानकडच्या बऱ्याच नोकऱ्या आपल्या आवाक्यात आल्या आहेत. घर शोधताना हे दोन मार्ग डोळ्यांसमोर ठेवा.

चौथी पायरी: सोय लेखी मागा, आणि फिट येण्याआधी मागा

तोंडी मागितलेली सोय सुपरवायझर बदलला की नाहीशी होते. अर्ज लांबलचक नको. मी पुष्कळांना जो मजकूर लिहून देते, तो असा:

“मी आपल्या आस्थापनेत अमुक पदावर अमुक तारखेपासून कार्यरत आहे. मला अपस्मार असून उपचार नियमित सुरू आहेत. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. माझ्या पदाची सर्व नियमित कामे मी करीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मला पुढील दोन वाजवी सोयी मिळाव्यात, ही विनंती: एक, तिसऱ्या पाळीऐवजी पहिली किंवा दुसरी पाळी, दोन, शिडीवरील साठामोजणीचे काम सहकाऱ्याकडे देऊन त्याबदल्यात खालच्या रॅकची मोजणी माझ्याकडे द्यावी. कृपया लेखी उत्तर द्यावे.”

“त्याबदल्यात” हा शब्द मुद्दाम आहे. आपण काम टाळत नाही, अदलाबदल सुचवतो आहोत, हे त्यातून दिसते आणि सहकाऱ्यांची कुरबूरही कमी होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का किंवा सही घ्या. आवक विभाग घेत नसेल तर ईमेल करा, किंवा जीपीओतून स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. तुम्ही ठेकेदाराकडून लागला असाल, आणि एमआयडीसीत बहुसंख्य नवी मुले तशीच लागतात, तर एक प्रत ठेकेदाराला व एक मूळ कंपनीला द्या. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

पाचवी पायरी: दोन सहकाऱ्यांना आधीच शिकवून ठेवा

ही पायरी मी स्वतः वगळली होती आणि तिची किंमत मोजली. २०१३ साली एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात मी होते. सलग चार रात्रपाळ्यांनंतर सकाळच्या चहाच्या वेळी मला फिट आली. फिट दोन-अडीच मिनिटांचीच होती, असे नंतर कळले. पण तेवढ्या वेळात एकाने माझ्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, दुसऱ्याने नाकाशी चप्पल धरली, आणि तिसऱ्याने दातखीळ उघडण्यासाठी कँटीनचा स्टीलचा चमचा दातांत घातला. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्त होते आणि वरचा समोरचा दात अर्धा तुटलेला होता. त्या सर्वांना मला मदतच करायची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कंपनीच्या अपघात नोंदवहीत “आजारामुळे कामाच्या जागी इजा” अशी ओळ गेली, आणि माझ्याविरुद्ध वापरला गेलेला पहिला कागद तोच ठरला. दात मिरगीने तोडला नव्हता.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारी बसणाऱ्या दोघांना पाच मिनिटे मागून एवढे सांगा. घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका. कांदा, चप्पल, लोखंड यांचा काही उपयोग नाही. झटके थांबले की कुशीवर वळवा आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. फिट पाच मिनिटांहून अधिक लांबली, शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरी आली, श्वासाला त्रास दिसला किंवा इजा झाली, तर १०८ ला फोन करा. एरवी अर्धा-एक तास विश्रांती पुरते. हेच मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत लिहून कँटीनजवळ लावायची परवानगी मागा. मी सध्या जिथे आहे तिथे तो कागद सहा वर्षांपासून भिंतीवर आहे.

सहावी पायरी: राजीनाम्यावर सही करू नका

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा. मिरगी असलेल्या माणसाला “काढले” असे फार क्वचित लिहिले जाते. त्याच्याकडून राजीनामा घेतला जातो.

मला फिट आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कार्यालयात बोलावले होते. टेबलावर माझ्या नावाने टाइप केलेला कागद तयार होता: “वैयक्तिक व आरोग्याच्या कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.” तारीखसुद्धा टाइप केलेली होती. कागदाशेजारी पाण्याचा ग्लास आणि उघडून ठेवलेला पेन होता. समोरच्या गृहस्थांचा आवाज चढलेला नव्हता. “बेटा, तुझ्याच भल्यासाठी सांगतो आहे. आम्ही काढलं तर पुढे कोणी घेणार नाही, तू सोडलंस तर अनुभवपत्र चांगलं देतो,” असे ते म्हणाले. फिटनंतरचा थकवा होता, सुजलेला ओठ होता, आणि सगळ्यांसमोर पडल्याची लाज होती. मी सही केली. नंतर ज्या वकिलांना भेटले, त्यांनी कागद पाहून पहिला प्रश्न विचारला तो “सही कोणी करायला लावली याचा पुरावा आहे का,” आणि तो माझ्याकडे नव्हता.

त्या खोलीत काय बोलायचे, ते म्हणून आत्ताच पाठ करा: “मला हा कागद घरी नेऊन वाचायचा आहे. मी उद्या लेखी उत्तर देते.” एवढेच. वाद नको, रडणे नको, आवाज चढवणे नको. बाहेर आल्यावर लगेच, त्याच दिवशी, ईमेल लिहा: आज अमुक वाजता, अमुक अमुक व्यक्तींच्या उपस्थितीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले, मी राजीनामा दिलेला नाही, मला काम करायचे आहे आणि मी उद्या नेहमीच्या वेळेस हजर राहीन. मग खरोखरच दुसऱ्या दिवशी वेळेवर गेटवर जा. आत घेतले नाही, तर गेटवरून फोटो काढा आणि आणखी एक ईमेल करा. नाहीतर पुढे “कामावर गैरहजर” असा शेरा येतो.

सही आधीच झाली असेल तरी थांबू नका. राजीनामा अंमलात येण्यापूर्वी तो सर्वसाधारणपणे मागे घेता येतो, म्हणून नोटीसकाळ चालू असेपर्यंत “दबावाखाली दिलेला राजीनामा मागे घेत आहे” असे लेखी कळवा. एक दिवसाचाही उशीर करू नका.

“फिटनेस सर्टिफिकेट आणा, तोपर्यंत बिनपगारी घरी बसा” हा याच प्रकारचा दुसरा मार्ग आहे. प्रमाणपत्र मागणे गैर नाही, पण ते कोणत्या कामासाठी हवे हे कंपनीकडून लेखी घ्या. “पूर्णपणे निरोगी” असे कोणताच प्रामाणिक डॉक्टर लिहून देणार नाही. “अमुक पदाचे काम करण्यास योग्य” असे मात्र देऊ शकतो. तुमचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कर्मचारी राज्य विमा कापला जात असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. सोमवारी पेठेतल्या विमा रुग्णालयाची वाट यासाठी माहीत असू द्या.

सातवी पायरी: दाद कुठे आणि कोणत्या क्रमाने मागायची

आधी कंपनीच्या प्रमुखाला तक्रार, वर सांगितलेल्या तिसऱ्या नियमाचा उल्लेख करून. सरकारी आस्थापनेत कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे जा. पंधरा-वीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर पुढे चला.

पुढचे दार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे, पण तक्रार टपालाने पाठवता येते, त्यासाठी तिकीट काढून जाण्याची गरज नाही. रेल्वे, कोळसा कंपनी, राष्ट्रीयीकृत बँक अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनेबद्दल तक्रार असेल, तर ती दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे करावी. केंद्रीय नियमांनुसार भेदभावाची तक्रार ६० दिवसांत निकाली काढायची असते. चौकशीसाठी साक्षीदार बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे यांबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांचा अंतिम निर्णय बहुधा शिफारशीच्या रूपात येतो आणि प्रत्येक कंपनी ती मानतेच असे नाही. तरीही आयुक्तांची नोटीस आली की कंपनीच्या बोलण्याचा सूर बदलतो. कायद्याचा भंग झाल्यास कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

नोकरी गेलीच असेल तर त्यासोबत कामगार आयुक्तालयात सलोख्यासाठी अर्ज करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, आणि काढले किंवा राजीनामा दिला तरी देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. या मार्गाला एक मर्यादा आहे: व्यवस्थापकीय पदावर असलेले आणि १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक “कामगार” या व्याख्येत येत नाहीत. अशांनी थेट वकील गाठावा.

वकिलाच्या फीची भीती अनेकांना पहिल्याच पायरीवर थांबवते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा न्यायालयातच आहे. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसले, तरी महिला म्हणून किंवा कारखान्यातला कामगार म्हणून तुम्ही पात्र ठरू शकता. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. जाताना एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, डॉक्टरांचे पत्र, सोयीचा अर्ज व त्याची पोचपावती, ईमेलच्या छापील प्रती आणि व्हॉट्सऍप संदेशांचे स्क्रीनशॉट लावून न्या. वर एका पानावर घटनांची तारीखवार यादी असावी. वकिलाची दहा मिनिटे तुमचा आजार समजून घेण्यात जाण्याऐवजी थेट घटनाक्रमावर जातात.

आठवी पायरी: पुढच्या नोकरीसाठी अनुभवपत्र

नोकरी टिकली नाही, तर तडजोडीच्या वेळी पैशाइतकेच लक्ष अनुभवपत्राच्या मजकुराकडे द्या. त्यात पद, कालावधी आणि कामाचे स्वरूप असावे. आरोग्याचा उल्लेख नसावा. “आरोग्याच्या कारणास्तव सेवा समाप्त” असे लिहून आले, तर ते स्वीकारण्यापूर्वीच दुरुस्ती मागा, कारण एकदा पावतीवर सही केली की कोणी बदलून देत नाही. माझ्या अनुभवपत्रावर तो उल्लेख होता. तो काढून घेण्यासाठी मी चार महिन्यांत सात पत्रे पाठवली. सातव्या पत्राला खंडपीठाचा किंवा कुठल्या कायद्याचा आधार नव्हता. मी डिस्पॅचमध्ये दोन वर्षांत किती गाड्यांचे चलन तयार केले, त्यांत किती चुका निघाल्या आणि त्या कोणत्या, याचा फक्त हिशेब त्यात होता. आठ दिवसांनी नवे अनुभवपत्र आले, आणि त्यात आजाराचा शब्दही नव्हता.